नीलाकाकी हात कधी धुते

नीलाकाकीच्या हातांमुळे तिची नात मरणाच्या दारात गेली, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझा काकीवर फार जीव होता म्हणून नव्हे. उलट तिच्याबद्दल माझ्या मनात जुना राग होता, त्याचं कारण पुढे येईलच. पण हात? अख्ख्या भटवाडीत एवढे धुतलेले हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. आमच्या चाळीतल्या आया पोरांना ओरडताना म्हणायच्या, जरा त्या परबीणकाकीकडून शिका.

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमची चाळ, आणि भिंतीला भिंत लागून परबांचं घर. मंडळी मूळची कणकवलीकडची. काकीचा नवरा बाबलकाका गिरणीत होता. गिरणी बंद पडली तशी परळची खोली गेली आणि हे लोक इथे चढावर आले. काकाने नंतर वॉचमनची नोकरी केली, गुडघे गेल्यावर तीही सुटली. त्याआधीच काकी खालच्या रस्त्यावरच्या एका छोट्या खाजगी प्रसूतिगृहात मावशी म्हणून लागली होती. तिथे तिची वीसेक वर्षं सहज गेली असतील.

मावशी म्हणजे नर्स नव्हे. कामावर ठेवताना लादी पुसा, चादरी बदला एवढंच सांगतात. पण बाई हुशार निघाली की हळूहळू सगळंच तिच्या गळ्यात पडतं. बाळ बाहेर आलं की ते पुसायचं, दुपट्यात गुंडाळायचं, बेंबीपाशी कापूस फिरवायचा, आंघोळ घालायची, बाळंतिणीला उठवायचं, बसवायचं. काकी हे सगळं बघून बघून शिकली. शिकवलं कुणीच नाही. पण हात असा हलका की रडणारं पोर तिच्याकडे गेलं की गप्प व्हायचं. बायका डॉक्टरीणबाईंचं नाव विसरायच्या, पण नाव नोंदवायला आल्या की आधी विचारायच्या, परबमावशी आहेत ना?

आणि तिची ती स्वच्छता. कामावरून आली की पिशवी दाराबाहेर. कशाला म्हणून हात लावायची नाही. बाबलकाकाने मोरीचं दार आधीच उघडून ठेवलेलं असायचं, कारण कडीलाही तिचा हात लागता कामा नये. साडी भिजत टाकायची, डोक्यावरून आंघोळ करायची, हात कोपरापर्यंत घासायची. मग देवापुढे दिवा, मग चहा. आमच्या चढावर पाणी सकाळी तासभर येतं, तेसुद्धा करंगळीएवढं. त्यातूनही तिच्या आंघोळीची एक बादली बाजूला काढलेली असायची आणि तिला हात लावायची काकाची टाप नव्हती. दुसऱ्याच्या बाळंतपणाचा विटाळ घरात येऊ द्यायचा नाही, एवढं साधं गणित. प्रसूतिगृहातही तेच. बाळंतपण उरकलं की पॅसेजच्या टोकाच्या बाथरूममध्ये जाऊन ती हात खसाखसा धुवायची. तिथल्या नर्स तिला चिडवायच्या की मावशी, कातडी निघेल.

आता माझ्या रागाचं कारण सांगते. आम्ही बौद्ध. शेजार म्हणून काकी आमच्याकडे यायची, भाऊ प्रबुद्धच्या लग्नात तर चार दिवस राबली. चहा द्या, प्यायची. फराळ द्या, खायची. पण आमच्या घरातून बाहेर पडली की आपल्या दाराकडे जायच्या आधी चाळीच्या सार्वजनिक नळाशी थांबायची आणि हात धुवायची. नळाला पाणी नसलं तर तिथल्या पिंपातलं तांब्याभर घ्यायची. आमच्या खिडकीतून हे सगळं स्वच्छ दिसायचं. मी लहानपणापासून बघत आले आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. आई म्हणायची, "धुऊ दे. तिचेच हात आहेत." आईसारखं शांत राहणं मला आजन्म जमणार नाही.

तर या काकीच्या मुलाला, नितेशला, मूल होणार होतं. त्याची बायको दिशा मुलुंडची. तिच्या माहेरच्यांचं म्हणणं होतं की बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात करू. काकीला ते जिव्हारी लागलं. अर्ध्या घाटकोपरची पोरं मी न्हाऊमाखू घातली आणि माझं नातवंड परक्याच्या हातात देऊ का, असं तिने व्याह्यांना तोंडावर ऐकवलं.  दिशा स्वतःच म्हणाली की मला आईंचा विश्वास वाटतो. ठरलं मग, काकीच्याच प्रसूतिगृहात.

मुलगी झाली. मी ऑफिसमधून परस्पर बघायला गेले. अंधेरीला एका कुरियर कंपनीत नोकरी करते मी, त्यामुळे पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दिशाच्या खोलीकडे जाताना प्रसूतीच्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत भिंतीला बेसिन होतं आणि बेसिनमध्ये कापसाचे रोल आणि हातमोज्यांची खोकी रचून ठेवलेली. नळाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं. खाली निळं पिंप, त्यात तरंगणारा प्लास्टिकचा मग. बरी जागा काढलीय सामान ठेवायला, एवढंच माझ्या मनात आलं.

काकी तेव्हा पॅसेज पुसत होती. मला बघून तिला एवढा आनंद झाला की फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि धावत जाऊन पाळण्यातून नात उचलून आणली. बाळाच्या तोंडात आपली करंगळी दिली. पोर चुटूचुटू चोखायला लागली. मी सहज म्हटलं, काकी, आज हात धुणं नाही वाटतं? ती हसली. म्हणाली, "आपलीच गो ती. तिचो कसलो विटाळ?"

आपला तो बाळ्या म्हणतात तसं. मीही हसले. 

दोन-तीन दिवसांत बाळाने दूध ओढणं सोडलं. आधी सगळ्यांना वाटलं झोपाळू आहे. मग अंग गार लागायला लागलं. बेंबीच्या भोवती लाल झालं होतं आणि पोट तट्ट फुगलं होतं. काकीने ओवा तापवून पोटाला शेक दिला. दिशाला ताप होता, तिला धड कळतही नव्हतं. डॉक्टरीणबाई सकाळी आल्या, बाळ बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाल्या. नितेश साकीनाक्याला कामावर होता, तिथून त्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते, ती तशीच प्रसूतिगृहात गेले आणि काकीबरोबर रिक्षात बसले. काकीच्या मांडीवर ती चिमुरडी आणि काकी सगळा वेळ तिच्या तोंडाजवळ कान नेऊन श्वास ऐकत होती.

मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळाला लगेच आत घेतलं, काचेच्या पेटीत ठेवलं. तरुण डॉक्टर होता. रक्तात जंतू गेलेत, पुढचे काही दिवस कठीण आहेत, वाचेलच असं सांगता येत नाही, असं त्याने सरळ सांगितलं. नितेश भिंतीला टेकून खालीच बसला. मग डॉक्टरने विचारायला सुरुवात केली. जन्म कुठे झाला, बाळाला कुणी कुणी हाताळलं, बेंबीला काय लावलं, पाणी कुठलं वापरलं. काकी पुढे झाली आणि एकेक उत्तर देत गेली. पुसलं मी, गुंडाळलं मी, बेंबीचं मी केलं, न्हाऊ मी घातलं. पाणी तिथल्याच पिंपातलं, कोमट करून. सांगताना तिची मान ताठ होती. परक्याचा हात लागू दिला नाही, हे तिला त्या डॉक्टरला पटवायचं होतं.  डॉक्टर नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला, आणि माझंही लक्ष तेव्हा पहिल्यांदा त्या हातांकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी आतून निरोप आला की घरातल्या एका बाईने बाळाजवळ थांबायला यावं. दिशा तिकडे तापात पडलेली, तेव्हा काकीच जाणार. त्या विभागाच्या दाराशी एक लांब बेसिन होतं, कोपराने ढकलायचा नळ. तिथे एक सिस्टर उभी होती, वयाने माझ्याएवढी. तिने काकीला बांगड्या काढायला सांगितल्या आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला सांगितले.

काकी म्हणाली, "मी घराकडसून आंघोळ करून इलंय."

सिस्टर म्हणाली, माहीत आहे, तरी धुवा. काकीने हात पुढे करून बोटांवरून पाणी सोडलं. सिस्टरने मान हलवली. बांगड्या. काकीच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, नवरा जिवंत असताना ती त्या कशी काढणार? तिचा आवाज चढला. आयुष्यभर मी इतरांची घाण काढली आणि मला कोणी सांगतंय की मी घाण आहे, असं काहीबाही बोलली, फिरली आणि बाळाला न बघता बाहेर येऊन बाकावर बसली.

खरं सांगते, त्या क्षणी मला आतून बरं वाटलं होतं. म्हटलं, कळू दे जरा कसं वाटतं ते. पण काचेतून ती पेटी दिसत होती, पेटीत नळ्यांमध्ये हरवलेलं एवढंसं पोर दिसत होतं, आणि त्याच्याजवळ आपलं माणूस एकही नव्हतं. माझं बरं वाटणं तिथेच विरून गेलं. मी काकीशेजारी बसले. बांगड्या परत भरता येतात काकी, एवढंच म्हटलं.

बऱ्याच वेळाने ती उठली. परत त्या बेसिनशी गेली, मनगटाला साबण चोळला, कासार बांगडी चढवताना लावतो तसा, आणि एकेक बांगडी उतरवायला लागली. तशा त्या निघाल्यासुद्धा, एकही फुटली नाही. मी बांगड्या धरायला शेजारीच उभी होते म्हणून मला ते दिसलं. बांगड्यांच्या खाली, मनगटाभोवती, मळाची काळी रेघ होती. पाणी पडलं तसं बेसिनच्या पांढऱ्या तळावर राखाडी ओघळ आला. रोज कोपरापर्यंत घासणारी बाई, आणि घासलेला साबण बांगड्यांच्या वरून आणि खालून जात राहिला होता इतकी वर्षं. काकी त्या ओघळाकडे बघत राहिली. मीसुद्धा. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो असा डोळ्यांसमोर वाहत जाताना बघणं फार भयंकर होतं.

सिस्टर मात्र चिडली नाही, हसलीही नाही. तिने पुन्हा साबण दिला. आणि काकीने हळूच विचारलं की पोरीला हात लावून झाल्यावर पुन्हा इथेच धुवायचे ना.

"तेव्हा पण धुवा," सिस्टर म्हणाली. "पण आजी, खरं धुणं हे आधीचं. बाळापासून तुम्हाला काही होत नाही. तुमच्यापासून तिला होतं."

काकी नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. पाणी वाहत होतं, आणि वाया जाणारं पाणी बघून जिचा जीव कासावीस व्हायचा त्या बाईला नळ बंद करायचंही सुचत नव्हतं. मी तिचा चेहरा बघितला आणि मला भीती वाटली. मग ती आत गेली. पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिने नातीच्या पायाला एक बोट लावलं, आणि सिस्टर बाहेर बोलवेपर्यंत ते तिथेच ठेवलं.

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली. ओल्या हातांचे पंजे मांडीवर उघडे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. नातीबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "करुणा, ती बाकीची पोरां गो? तेंचा काय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. प्रसूतिगृहातून मधूनमधून एखादं बाळ मोठ्या हॉस्पिटलात न्यायला लागायचं. एखादी बाळंतीण घरी जाऊन तापाने फणफणायची. एखादं बाळ परत यायचंच नाही. काकी घरी येऊन सांगायची, सटवाईने तेवढंच लिहिलं होतं बिचाऱ्याच्या कपाळी, आणि डोक्यावरून आंघोळ करायची. आमची आई हळहळायची. मी ऐकून सोडून द्यायचे. आता काकी एकेक बाळ आठवत होती. कोणाचं कुठलं, जावळ किती होतं, आई कुठल्या गावची. मी तिला थांबवायचा प्रयत्न केला. म्हटलं, नेमकं कशाने झालं कुणी सांगू शकत नाही. पिंपातलं पाणी असेल, टाकी असेल, तिथल्या नर्सने तरी आधी हात कुठे धुतले असतील. सगळं खरंच होतं. पण ती ऐकत नव्हती.

त्या दिवशी ती भुंड्या हातांनी घरी आली. बाबलकाकाने दार उघडलं, तिच्या मनगटांकडे बघितलं आणि म्हणाला, "मी अजून जितो आसंय गो." एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडली.

मला राग आला तो यानंतर. दुसऱ्या सकाळी काकी मला घेऊन प्रसूतिगृहात गेली. डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली आणि बेसिनमधला कापूस काढायचा, नळ सुरू करायचा, एवढंच म्हणाली. बाईंना आधी वाटलं ही भांडायला आली आहे. बाळाला जे झालं ते कशानेही होऊ शकतं, असं त्या मलाच समजावत होत्या. काकीने त्यांना मध्येच तोडलं. ते माझ्या हातांनी झालं, आधी हात धुवायचे असतात हे मला माहीत नव्हतं, असं ती सगळ्या नर्ससमोर म्हणाली.  बाई खुर्चीवर बसल्या. मग उठून त्यांनी स्वतःच ते रोल उचलून बाहेर ठेवायला सुरुवात केली.

प्लंबर आला. भिंतीत कसलासा व्हॉल्व्ह गंजून बसला होता. तो बदलला, एक तुकडा पाइप टाकला. चहा थंड व्हायच्या आत त्या नळाला पाणी आलं. आधी तांबडं, मग स्वच्छ. मी तिथे उभी राहून बघत होते. एवढंच काम होतं? ज्या खोलीत माणूस जन्माला येतो त्या खोलीत हात धुवायला पाणी नाही, हे वर्षानुवर्षं कुणालाच वावगं वाटलं नाही? शिकलेली डॉक्टरीण, नर्स, येणाऱ्या-जाणाऱ्या बाळंतिणी, त्यांचे नवरे. मीसुद्धा जाळं लागलेला नळ बघून पुढे गेलेच होते. त्या संतापाला कुणा एकाच्या गळ्यात घालता येईना, म्हणून तो अजून माझ्याकडेच आहे.

पोर वाचली. बरेच दिवस लागले, दोनदा आशा सोडली होती, पण वाचली. दिशाने सासूला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मला वाटतं काकीला तेच सगळ्यांत जड गेलं. नातीला घरी आणलं तेव्हा काकी लांब उभी राहून बघायची. कामावर ती परत गेली नाही. डॉक्टरीणबाई दोनदा बोलवायला आल्या, पण काकीने नाही म्हटलं. माझ्या आईला म्हणाली, "माका माझ्या हातांचा भ्या वाटता." हिरव्या बांगड्या तिने परत भरल्याच नाहीत. काकाने हट्ट केला तेव्हा पातळ सोन्याचा मुलामा दिलेली एकेक बांगडी घातली, चटकन निघेल अशी.

गेल्या महिन्यात प्रबुद्धच्या बायकोला, श्वेताला, मुलगा झाला. बाळ घरी आलं आणि सगळी चाळ बघायला येऊन गेली. परबांकडून दिशा आली, बाबलकाकाही काठी टेकत आला. काकी आली नाही. आई म्हणाली, येईल. मी म्हटलं, कशाला येईल, आपल्या घरात तर सोयर आहे. जीभ माझी काही सुधारत नाही.

एका दुपारी दारात सावली पडली. काकी उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. आईने ये म्हटलं, तरी आत पाऊल टाकेना. बांगड्या काढून कनवटीला खोचलेल्या होत्या. तिने आईला विचारलं की साबण आणि पाणी मिळेल का.

आईने आमच्या मोरीकडे बोट दाखवलं. काकी आमच्या मोरीत गेली आणि मी लहानपणापासून ज्या हातांकडे डोळे वटारून बघत आले ते हात तिने आमच्या साबणाने, आमच्या पाण्याने धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपर. आईने टॉवेल पुढे केला तर नको म्हणाली, हात हवेत धरून वाळवले. मग येऊन पाळण्याशी बसली, पण हात काही पुढे करेना. आई वाट बघून थकली आणि तिने बाळ उचलून सरळ काकीच्या हातांत दिलं. काकी ताठ बसून राहिली. बाळ मात्र निवांत होतं, त्याने एक जांभई दिली.

तिने चहा घेतला, बाळाच्या हातात नोट ठेवली, श्वेताला मेथीचे लाडू कसे करायचे ते सांगितलं आणि निघाली. मी सवयीने खिडकीशी जाऊन उभी राहिले. सार्वजनिक नळाला त्या वेळी पाणी नव्हतं, पण पिंप भरलेलं होतं आणि तांब्या त्यावरच होता. काकी त्याच्याजवळून गेली. थांबली नाही. आपल्या घरी गेली.